पत आणि प्रकृती : जामखेडच्या प्रयोगाची एक दुर्लक्षित बाजू

१९८८ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय आरोग्याच्या प्रश्नावर एक मोठी परिषद भरली होती. डॉक्टर, प्राध्यापक आणि निरनिराळ्या देशांतले अधिकारी यांच्यासमोर जामखेडच्या परिसरातल्या एका खेड्यातून गेलेल्या मुक्ताबाई पोळ बोलायला उभ्या राहिल्या. गावात आरोग्यसेविका म्हणून काम करणाऱ्या या बाईंनी सभागृहातल्या झगमगत्या दिव्यांकडे बोट दाखवले. हे दिवे सुंदर आहेत, पण महाग आहेत आणि गोरगरिबांच्या हाताला लागणारे नाहीत, डॉक्टरही तसेच, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. आपण मात्र साध्या पणत्या आहोत. एकीवरून दुसरी लावता येते आणि अशा पुष्कळ झाल्या की उजेड सगळीकडे पोचतो. सार्वजनिक आरोग्याच्या वर्तुळात ही गोष्ट पुढे फार गाजली. जामखेडवर लिहिणारा जवळजवळ प्रत्येकजण ती सांगतो.

पणतीला तेल लागते, हे मात्र या गोष्टीत येत नाही. ज्या बाईला रोज दुसऱ्याच्या रानात खुरपायला जावे लागते, तिने शेजारणीच्या तापलेल्या पोरापाशी दोन तास कसे बसावे? जिच्या स्वतःच्या चुलीवर दुपारी काही शिजणार की नाही याची खात्री नाही, तिने घरोघर जाऊन बाळंतिणींना ‘हिरव्या भाज्या खा’ म्हणून कोणत्या तोंडाने सांगावे? जामखेडच्या प्रकल्पाला ही अडचण फार लवकर उमगली. तिथे आरोग्यशिक्षणाच्या शेजारी बचत, कर्ज आणि छोटा धंदा येऊन बसला, त्याचे मूळ या अडचणीत आहे. प्रकल्पाच्या आरोग्यविषयक यशावर भरपूर लिहिले गेले आहे. त्यातल्या पैशाच्या बाजूकडे मात्र पुरवणी म्हणूनच पाहिले गेले. प्रस्तुत लेखात ती बाजू मध्यभागी ठेवून काय दिसते, ते पाहायचे आहे.

कर्जाचा जुना मुलूख

जामखेड हा आजच्या अहिल्यानगर, म्हणजे जुन्या अहमदनगर जिल्ह्याचा आग्नेयेकडचा तालुका. अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव चौंडी याच तालुक्यात आणि १७९५ साली मराठे व निजाम यांची लढाई झाली ते खर्डेही याच तालुक्यात. इतिहासात नाव असले तरी भूमी अवर्षणाची. पावसाचा भरवसा नाही, जमीन हलकी, आणि दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी गाडीला बैल जुंपून निघायचे, हा अनेक घरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम.

या टापूच्या इतिहासात कर्जाचा विषय नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि बघता बघता त्याचे लोण नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे या भागांत पसरले. इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून या घटनेची नोंद आहे. या दंग्यांचे वैशिष्ट्य असे, की लोकांचा रोख सावकाराच्या जिवावर फारसा नव्हता, त्याच्या दप्तरावर होता. कर्जरोखे आणि खते बाहेर काढून जाळण्यात आली. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. पुढे १९०४ च्या कायद्याने सहकारी पतपेढ्यांची वाट मोकळी झाली. याच जिल्ह्यात लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० साली त्याचे गाळप सुरू झाले. सावकाराच्या जागी सोसायटी आली, ही या जिल्ह्याने देशाला दिलेली मोठी गोष्ट होय.

पण सोसायटीचे कर्ज सातबाऱ्यावर मिळते. ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याला सोसायटीत जागा नाही. बायकांच्या नावावर जमीन नव्हती, भूमिहीन दलित कुटुंबांकडे तर नव्हतीच. यांच्यासाठी १८७५ आणि १९७० यांत फारसे अंतर पडलेले नव्हते. घरात कोणी आजारी पडले की दागिना, भांडे, शेळी यांपैकी काहीतरी जायचे, नाहीतर कोणाकडे तरी सालाने राहायचे. ग्रामीण कर्जाचा विचार करताना आपण बी-बियाणे, लग्नकार्य आणि विहीर यांचाच हिशेब मांडतो. आजारपण हे कर्जाचे एक मोठे कारण आहे आणि कर्ज हे आजारपण अंगावर काढण्याचे एक मोठे कारण आहे. हे दुहेरी चक्र सहकाराच्या नजरेतून निसटले.

दवाखान्याबाहेरचे आजार

डॉ. रजनीकांत आरोळे नगर जिल्ह्याचेच. त्यांच्या पत्नी डॉ. मेबल यांचा जन्म जबलपूरचा. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. साठच्या दशकात त्यांनी नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केले. तिथे एक गोष्ट त्यांना सतत टोचत राहिली. बरा करून घरी पाठवलेला रोगी थोड्याच दिवसांत त्याच रोगाने परत येई. मूल जुलाबाने सुकून येते, सलाइन लावून हसते-खेळते होते, आणि पुन्हा त्याच विहिरीचे पाणी प्यायला घरी जाते. दवाखाना कितीही चांगला चालवला तरी या आजारांचे मूळ त्याच्या आवाराबाहेर होते. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून ते परतले आणि १९७० साली जामखेडला आले. सुरुवात झाली ती जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत.

पाठोपाठ दुष्काळ आला. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रातल्या जाणत्या पिढीला वेगळा सांगायला नको. लोकांची पहिली मागणी औषधाची नव्हती. पाणी आणि अन्न हवे होते. प्रकल्पाने कूपनलिका खोदण्याचे काम हाती घेतले, आणि त्या शक्यतो दलित वस्तीत किंवा तिच्या लगत पडतील अशी जागा निवडली. शिवाशिव पाळणाऱ्या घरांतल्या बायकांनाही तिथे घागर घेऊन यावे लागले. भाषण न देता जातिभेदाला धक्का देणारी ही युक्ती होती. तिचा आरोग्याशी संबंध उघड आहे. तिच्यातून लोकांना असेही दिसले, की डॉक्टर आधी आपली गरज ऐकतात आणि मग त्यांचे सांगतात.

आरोग्याचे काम गावात कोणी करायचे, हा प्रश्न मात्र सुटत नव्हता. प्रशिक्षित परिचारिकांना खेड्यात ठेवण्याचा प्रयत्न नीट जमला नाही. बाहेरून आलेल्या शिकलेल्या मुलीला एकटीने खेड्यात राहणे अवघड, आणि गावातल्या बायांना तिच्यापाशी मन मोकळे करणे अवघड. तेव्हा गावानेच आपल्यातली एखादी बाई निवडून द्यावी, असे ठरले. निवडल्या गेलेल्या बायांपैकी अनेकजणी निरक्षर होत्या, पुष्कळशा दलित समाजातल्या होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. आठवड्यातून दोन दिवस त्या जामखेडला येत, शिकत, रात्री एकत्र राहत, आणि उरलेले दिवस आपल्या गावी काम करत. सगळ्या जातींच्या बायांनी एकत्र जेवायचे आणि एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपायचे, हाही शिक्षणाचाच भाग होता.

त्या जे शिकत, ते फार गुंतागुंतीचे नव्हते. जुलाब झालेल्या मुलाचे पाणी बंद करायचे नाही, उलट साखर-मिठाचे पाणी पाजत राहायचे. बाळ जन्मल्यावर पहिला चीक फेकायचा नाही. गरोदरपणी मूल मोठे होऊन अडेल या भीतीने पोट मारायचे नाही. नाळ कापायला नवे पाते, स्वच्छ दोरा, हात धुवायला साबण. अंगावरचा बधिर चट्टा म्हणजे पूर्वजन्माचे पाप नव्हे, औषधाने बरा होणारा रोग आहे. मुलाचे वजन दर महिन्याला करायचे. सांडपाण्यावर परसात चार भाज्या लावायच्या. डॉक्टरांच्या लेखी ही प्राथमिक माहिती. गावाच्या लेखी मात्र यातली प्रत्येक गोष्ट सासूच्या, देवऋष्याच्या आणि पिढ्यांच्या समजुतीच्या विरोधात जाणारी होती.

तेल कुठून आले

आणि इथेच पैशाचा प्रश्न आला. तो दोन दारांनी आला.

पहिले दार म्हणजे ऐकणाऱ्या बाईची गरिबी. ‘पोराला अंडे द्या, दूध द्या’ हे सांगणे सोपे. ऐकणारी म्हणते, ‘बाई, कुठून देऊ?’ ज्ञान आणि ऐपत यांच्यात अंतर राहिले की ज्ञान हे टोचणी होऊन बसते. आईला आता कळलेले असते, की आपले मूल कशामुळे सुकते आहे, आणि आपल्याला काही करता येत नाही हेही तिला कळलेले असते. आरोग्यशिक्षणाच्या पुष्कळ मोहिमा लोकांना ‘अडाणी’ ठरवून संपतात, त्याचे कारण हे अंतर त्यांनी मोजलेलेच नसते.

दुसरे दार म्हणजे सांगणाऱ्या बाईची गरिबी. आरोग्यसेविकेला प्रकल्पाने गलेलठ्ठ पगार दिला नाही. सुरुवातीला मिळे ते किरकोळ मानधन. पगार दिला असता तर ती गावाची न राहता दवाखान्याची नोकर झाली असती, असा आरोळे दांपत्याचा विचार होता. पण मग तिने जगायचे कशावर? उत्तर असे निघाले, की तिला स्वतःचा धंदा उभा करता यावा. शेळ्या, कोंबड्या, भाजीपाला, बांगड्या, किराणा असे जे तिला जमेल ते. त्यासाठी थोडे भांडवल, आणि भांडवल आणण्यासाठी बँकेचा उंबरठा ओलांडायची हिंमत.

१९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. पुढे एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम आला, १९८२ पासून ग्रामीण भागातील महिला आणि बालकांच्या विकासाची योजनाही आली. कागदावर गरिबांना कर्ज होते. परंतु अंगठा लावणाऱ्या, तारण नसलेल्या, एकट्या बाईला बँकेच्या टेबलासमोर उभे करणे ही वेगळीच लढाई होती. अर्ज कसा भरायचा, साहेबाशी काय बोलायचे, हप्ता म्हणजे काय, व्याज कसे मोजायचे, हे शिकवावे लागते. जामखेडच्या परिसरात हे शिक्षण महिला विकास मंडळांतून झाले. पुरुषांची शेतकरी मंडळे आधी निघाली होती. तरुणांना एकत्र आणायला तर व्हॉलीबॉलच्या खेळाचाही उपयोग केला गेला. बायकांना एकत्र यायला सबब हवी होती. ती आरोग्याने आणि बचतीने मिळून पुरवली.

‘बायकांनी जमून काय करायचे?’ असा सासरचा प्रश्न असतो. नुसते ‘आरोग्याचे ऐकायला जाते’ म्हटले तर सासू म्हणणार, आम्ही काय पोरे वाढवली नाहीत? नुसते ‘पैशाचे काम आहे’ म्हटले तर नवरा म्हणणार, आण इकडे. दोन्ही एकत्र आले की बैठकीला घराची मान्यता मिळते. महिन्याला थोडी रक्कम जमा होते, कोणाला शेळीसाठी कर्ज मिळते, आणि त्याच बैठकीत आरोग्यसेविका मुलांची वजने सांगते. पैशाची वही आणि वजनाचा तक्ता एकाच सतरंजीवर उघडतात.

या मांडणीत एक साधे अर्थशास्त्र होते. गटाने सामूहिक जबाबदारी घेतली की एकीचा हप्ता चुकला तर त्याचा ताप सगळ्यांना. गरिबाचा हप्ता चुकतो तो बहुधा आळसाने चुकत नाही. घरात ताप आला, बाळंतपण अडले, शेळी मेली, म्हणून चुकतो. तेव्हा शेजारणीचे मूल आजारी न पडणे हे बाकीच्यांच्याही हिताचे होते. ‘तिच्या पोराला लस टोचली का?’ हा प्रश्न एरवी नसत्या चौकशीचा वाटला असता. गटात तो हक्काचा झाला.

मराठीत ‘पत’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. बाजारात उधार मिळण्याची लायकी म्हणजे पत, आणि चार लोकांत आपल्या शब्दाला असलेली किंमत म्हणजेही पत. जामखेडच्या बायांच्या बाबतीत हे दोन अर्थ एकमेकांत मिसळलेले दिसतात. जिने बँकेचे कर्ज घेऊन फेडले, तिच्या बोलण्याला गावात वजन आले. जिने अडलेली बाळंतीण वेळेत जामखेडला पोचवली, तिला उधार द्यायला दुकानदार कचरला नाही. दलित वस्तीतल्या बाईने सांगितलेले औषध वरच्या आळीतल्या घरांनी ऐकावे, ही गोष्ट केवळ प्रशिक्षणाने झाली नसती. तिला मिळालेले ज्ञान आणि तिचे स्वतःच्या पायावर उभे राहणे, या दोहोंनी मिळून ती घडली.

आकडे काय सांगतात

प्रकल्पाच्या स्वतःच्या नोंदींनुसार १९७१ साली या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे १७६ अर्भके वर्षाच्या आत दगावत होती. १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली ‘लोकांकडून आरोग्य’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात जगातल्या निवडक प्रयोगांमध्ये जामखेडचे प्रकरण आहे. तीन वर्षांनी, १९७८ साली, आल्मा-आटा येथे प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला. १९७९ साली आरोळे पती-पत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० साली डॉ. रजनीकांत यांना पद्मभूषण.

संस्थेच्या स्वतःच्या नोंदींवर पूर्ण भिस्त ठेवू नये, असे इतिहासाचा कोणीही विद्यार्थी सांगेल. त्या काळात सगळीकडेच बालमृत्यू कमी होत होते. लसी आल्या, रस्ते आले. म्हणून २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आलेला तौलनिक अभ्यास महत्त्वाचा. प्रकल्पातली गावे आणि त्यांच्यासारखीच बाहेरची गावे यांची तुलना त्यात केली आहे. जन्मानंतरचा पहिला महिना ओलांडलेल्या मुलांमध्ये पाच वर्षांच्या आत मृत्यू येण्याचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. १७६ वरून ५२ या घसरणीइतका हा आकडा नाट्यमय नाही, पण अधिक भरवशाचा आहे. पहिल्या महिन्याचा अपवादही बोलका आहे. जुलाब, कुपोषण आणि गोवर यांच्याशी गावातली बाई लढू शकते. कमी दिवसांच्या नाजूक बाळासाठी निराळे कौशल्य लागते. त्या प्रश्नावरचे मोठे काम पुढे गडचिरोलीत ‘सर्च’ने केले.

या ३० टक्क्यांत पैशाचा वाटा किती आणि शिक्षणाचा किती, हे जामखेडच्या आकड्यांतून वेगळे काढता येत नाही. पाणी, शिक्षण, बचत, रुग्णालय हे सारे तिथे एकत्रच आले. त्यासाठी बाहेरच्या जगाकडे पाहावे लागते.

इतर देशांतले प्रयोग

१९७६ साली बांगलादेशात जोब्रा या खेड्यात मुहम्मद युनूस यांनी गरीब बायांना छोटी कर्जे देण्यास सुरुवात केली. त्यातून ग्रामीण बँक झाली. १९८४ साली या बँकेच्या सभासदांनी ‘सोळा निश्चय’ स्वीकारले. त्यांत भाजी पिकवू आणि खाऊ, शौचालय वापरू, स्वच्छ पाणी पिऊ, कुटुंब लहान ठेवू असे आरोग्याचे निश्चय बरेच आहेत. त्याच देशातल्या ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० ते १९९० या दशकात घरोघर जाऊन सव्वा कोटीच्या आसपास आयांना मीठ-गुळाचे पाणी करायला शिकवले. शिकवणाऱ्या बाईचा मोबदला आईच्या लक्षात किती राहिले यावर ठरे, ही त्यातली खुबी. पुढे ब्रॅकने आपल्या कर्जगटांतल्या बायांमधूनच गावोगावच्या आरोग्यसेविका निवडल्या.

१९८९ च्या सुमारास अमेरिकेतल्या एका संस्थेने कर्ज आणि शिक्षण एकाच बैठकीत देण्याची पद्धत आखली. कर्जगटाच्या नेहमीच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की अर्धा तास स्तनपान, जुलाब किंवा कुटुंबनियोजन यांवर चर्चा व्हायची. नव्वदच्या दशकात तिचे मोजमाप झाले. घाना देशात सभासद बायांच्या मुलांची उंची-वजने सुधारलेली आढळली. बोलिव्हियात मात्र मुलांच्या पोषणावर तसा परिणाम दिसला नाही. पद्धत एकच असूनही असे झाले. शिकवणारा माणूस किती तयारीचा आणि बैठक किती मनापासून चाललेली, यावर पुष्कळसे अवलंबून राहिले.

सर्वांत स्पष्ट उत्तर दक्षिण आफ्रिकेतून आले. तिथल्या लिम्पोपो प्रांतात कर्जगटांच्या बैठकांना स्त्री-पुरुष संबंध आणि एचआयव्ही यांवरच्या शिक्षणाची जोड दिली गेली. २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अहवालानुसार दोन वर्षांत या बायांवर जोडीदाराकडून होणारी मारहाण निम्म्याहून कमी झाली. गावातल्या तरुणांमधले एचआयव्हीचे नवे संसर्ग मात्र कमी झाले नाहीत, हेही त्याच अहवालात आहे. २००९ साली त्यांनी तिसरी तुलना जोडली : केवळ कर्ज मिळालेली गावे. तिथे घराची आर्थिक स्थिती सुधारली होती, पण आरोग्याच्या आणि बाईच्या घरातल्या स्थानाच्या बाबतीत तसा बदल आढळला नाही.

पैसा आला की प्रकृती आपोआप सुधारते, हा समज यामुळे खोटा ठरतो. नुसत्या शिकवणुकीचे काय होते, ते आपण वर पाहिलेच आहे.

वाटा वेगळ्या झाल्या

आता पुन्हा महाराष्ट्राकडे. १९९२ साली नाबार्डने देशभरात ५०० बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रात १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे ‘माविम’, आणि २०११ नंतर ‘उमेद’ अभियान यांनी गावोगाव गट उभे केले. आज बचत गट नाही असे खेडे सापडणे कठीण. दुसरीकडे २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि हजार लोकवस्तीमागे एक ‘आशा’ नेमली गेली. गावातलीच बाई आरोग्यसेविका असावी, या कल्पनेमागे जे अनुभव होते, त्यांत जामखेडचा अनुभव ठळक होता.

म्हणजे जामखेडच्या सतरंजीवरच्या दोन्ही गोष्टी राज्यभर पोचल्या. पण वेगवेगळ्या खात्यांतून पोचल्या. वही ग्रामविकास खात्याकडे गेली, वजनाचा तक्ता महिला-बालकल्याण आणि आरोग्य खात्याकडे. गटाच्या बैठकीचा मुख्य विषय हप्ता झाला. आशाताईंचा मोबदला कामाच्या नगांवर ठरू लागला : इतकी बाळंतपणे, इतक्या लसी, इतके अर्ज. ज्या कामाची नोंद होते त्याचे पैसे मिळतात. शेजारणीच्या उंबऱ्यावर तास-दोन तास बसून तिचे मन वळवण्याच्या कामाला रकाना नाही.

त्यात खासगी सूक्ष्मवित्त कंपन्या आल्या. या कंपन्यांच्या गटात सामूहिक हमी आहे, आठवड्याचा हप्ता आहे, वेळेवर येणारा वसुली अधिकारी आहे. एकमेकींच्या घरातल्या आजारपणाची चौकशी मात्र तिथे वसुलीपुरती उरते. २०१० साली आंध्र प्रदेशात कर्जबाजारीपणाने आणि आत्महत्यांच्या बातम्यांनी हाहाकार उडाला, तेव्हा तिथल्या सरकारला वटहुकूम काढावा लागला. सामूहिक जबाबदारी हे हत्यार दुधारी आहे. शेजारणीचे मूल वाचवायला ते उपयोगी पडते, तसेच तिच्या दारात बसून तिची अब्रू काढायलाही पडते. ते कोणत्या बाजूने चालेल, हे बैठकीत आणखी कशाबद्दल बोलले जाते यावर ठरते.

राज्यात दोन्ही गोष्टी जोडून ठेवणारे अपवाद आहेत. मुंबईत १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी खाणावळी चालवणाऱ्या बायांचे ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभे केले, आणि त्याच परंपरेतल्या पुण्याच्या ‘अन्नपूर्णा परिवारा’ने कर्जाबरोबर आजारपणासाठी परस्पर साहाय्याचा निधी चालवला आहे. शहरातल्या वस्त्यांमध्ये हे टिकले, याची नोंद ग्रामीण भागातल्या योजनाकारांनी घ्यायला हवी.

हिशेबातली बाकी

जामखेडच्या प्रयोगाला देव्हाऱ्यात बसवण्याचे कारण नाही. त्यामागे दोन असामान्य माणसांचे आयुष्य होते. मेबल आरोळे १९९९ साली गेल्या, रजनीकांत आरोळे २०११ साली. काम पुढच्या पिढीकडे आले आणि चालू राहिले, जगभरचे विद्यार्थी आजही तिथे शिकायला येतात. तरी चाळीस-पन्नास वर्षांत तसाच दुसरा जामखेड जिल्ह्या-जिल्ह्यात उभा राहिला नाही, ही वस्तुस्थिती आहे. रुग्णालय पाठीशी असणे, तेच डॉक्टर दशकानुदशके त्याच गावांत जात राहणे, दर आठवड्याला होणारे शिक्षण कधीच न संपणे, या गोष्टी शासन निर्णयाने पैदा करता येत नाहीत.

आणखी एक धोका मला अधिक गंभीर वाटतो. ‘जामखेडच्या बायांना पगार नव्हता’ हे वाक्य सरकारी टेबलावर सोयीचे आहे. सेवाभावाच्या नावाखाली बायकांचे श्रम फुकट वापरण्याची आपली सवय जुनी आहे. करोनाच्या साथीत जीव धोक्यात घालून फिरलेल्या महाराष्ट्रातल्या आशांना २०२१ साली आणि पुन्हा २०२३ साली मानधनासाठी संप करावा लागला. त्यांना जामखेडचा दाखला देऊन गप्प करणे हा त्या प्रयोगाचा विपर्यास ठरेल. जामखेडच्या बाईला पगार नव्हता, पण तिच्या पोटापाण्याचा प्रश्न तिच्यावर सोडूनही दिलेला नव्हता. तिच्यासाठी भांडवल, कौशल्य आणि बाजार यांची वाट काढली गेली. आजच्या आशाकडून दिवसभर काम घ्यायचे, अहवाल भरून घ्यायचे, धंद्याला वेळ ठेवायचा नाही आणि वर ‘स्वयंसेविका’ म्हणायचे, यात दोन्हीकडचे वाईट तेवढे उचलले आहे.

मग जामखेडकडून घ्यायचे काय? बचत गटाच्या बैठकीला एक आरोग्याचे व्याख्यान चिकटवले की झाले, असे पुष्कळ योजनांत मानले जाते. बोलिव्हियाचा अनुभव त्याविरुद्ध आहे. जामखेडला प्रश्न ‘दोन कार्यक्रम कसे जोडावेत’ असा पडलाच नव्हता. तिथे एकच बाई होती. तिचे मूल आजारी होते, तिच्याकडे पैसे नव्हते आणि तिचे कोणी ऐकत नव्हते. या तिन्ही गोष्टी तिच्या बाजूने एकाच घरात, एकाच दिवशी घडत होत्या. खात्यांच्या बाजूने त्या तीन योजना आहेत.

नगर जिल्ह्याने पूर्वी सावकाराची खते जाळली आणि नंतर सोसायट्या उभारल्या. कर्जाच्या प्रश्नावर या जिल्ह्याने दिलेल्या दोन्ही उत्तरांचे इतिहास लिहिले गेले आहेत. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बायांनी वजनाचा काटा आणि बचतीची वही शेजारी ठेवून दिलेले तिसरे उत्तर आरोग्याच्या पुस्तकांत सापडते, सहकाराच्या आणि कर्जाच्या इतिहासात अजून सापडत नाही. मंडळांच्या जुन्या वह्या आणि पहिल्या पिढीतल्या बायांच्या आठवणी हाताशी आहेत तोवर कोणी तरुण अभ्यासकाने हे काम अंगावर घ्यावे. वह्यांचा कागद जुना झाला आहे आणि त्या बायांची वयेही झाली आहेत.